तळ्याने दिलेले दागिने

मालवणाहून कुडाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर धामापूर नावाचे गाव आहे. ते जवळ आले की दोन्ही बाजूंस दाट झाडी लागते, वारा एकाएकी गार होतो आणि झाडांच्या फटींतून हिरवट निळे पाणी चमकू लागते. हेच धामापूरचे प्रसिद्ध तळे. तळ्याच्या काठी भगवतीदेवीचे जुने मंदिर आहे. मंदिरासमोरील पायऱ्यांवर बसले म्हणजे समोर डोंगर, खाली डोंगराचे प्रतिबिंब आणि मध्ये शांत पाणी असे दृश्य दिसते.

हे तळे पाहून पुष्कळांना वाटते की, ते निसर्गानेच निर्माण केले असावे. परंतु तसे नाही. इ. स. १५३० मध्ये नागेश देसाई यांनी हे तळे बांधविले. ते विजयनगरच्या राज्याचे मांडलिक होते. डोंगरांमधून वाहून जाणारे पाणी अडविण्यासाठी येथे मातीचा बांध घालण्यात आला. तो सुमारे ११ मीटर उंच आणि २७१ मीटर लांब आहे. त्या काळी सिमेंट नव्हते, माती खोदणारी यंत्रे नव्हती. माणसांच्या हातांनी उचललेल्या मातीच्या पाट्या आणि पाण्याचा स्वभाव ओळखणारी अनुभवी नजर एवढ्याच भांडवलावर हे काम उभे राहिले. धामापूर आणि काळसे या गावांची शेते व बागा त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पिकत आल्या. २०२० साली या तळ्याचा समावेश जगातील वारसा ठरलेल्या सिंचन-बांधकामांत करण्यात आला. हा सन्मान देणारी संस्था सिंचनाच्या क्षेत्रात आंतरराष्ट्रीय पातळीवर काम करणारी आहे.

या तळ्याविषयी एक लोककथा सांगतात. पूर्वी गावात कोणाच्या घरी लग्नकार्य निघाले आणि नवरीच्या अंगावर घालावयास दागिने नसले, तर घरची माणसे तळ्याच्या काठी येत. फुलांनी भरलेली परडी ती पाण्यावर सोडीत आणि देवीची प्रार्थना करीत. परडी हळूहळू पाण्यात बुडे आणि थोड्या वेळाने वर येई. तेव्हा तिच्यात फुलांच्या जागी सोन्याचे दागिने असत! अट एकच होती : कार्य पार पडले की दागिने तळ्याला परत करावयाचे. पुढे एका माणसाला मोह सुटला. त्याने दागिने परत केले नाहीत. त्या दिवसापासून तळ्याने दागिने देणे बंद केले.

ही कथा आहे, इतिहास नव्हे. परंतु कथेतही विचार करण्याजोगे काही असते. कथेत सोन्याच्या दागिन्यांचे वर्णन आहे. ती फुले ज्या परडीतून सोडली, ती परडी कोणी विणली याबद्दल मात्र एक शब्दही नाही. खरे पाहता ती परडी तळ्यातून आलेली नव्हती. ती याच भूमीतील कोणा कारागिराच्या बोटांतून उतरली होती. अशा हातांची ओळख आज आपण करून घेऊ. धामापूरच्या या तळ्याकाठी आपण मनातल्या मनात एक हस्तकलेचा मेळा भरवू आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कारागिरांना बोलावू. पाहा, झाडांच्या सावलीत एकेक जण येऊन बसू लागला आहे.

पहिला मान अर्थातच परडी विणणाऱ्याचा. त्याच्यापुढे सुपे, रोवळ्या, टोपल्या आणि परड्या मांडलेल्या आहेत. कोयतीने तो बांबू उभा चिरतो. त्याच्या कामट्या काढतो. त्या तासून इतक्या पातळ करतो की, त्या वळल्या तरी मोडत नाहीत. पण त्याचे खरे कसब त्याहीपूर्वी, बांबूच्या बेटातच सुरू होते. कोवळा बांबू तोडला तर त्याला लवकर कीड लागते. फार जून झालेला बांबू विणताना तडकतो. म्हणून नेमका कोणता बांबू तोडावयाचा, हे त्याला पाहताक्षणी कळावे लागते. वीण कोठे घट्ट हवी आणि कोठे सैल हवी, हेही तो जाणतो. रोवळीत तांदूळ धुतात. तेव्हा पाणी निथळून गेले पाहिजे, पण तांदळाचा एक दाणाही गळता कामा नये. सुपाची वीण मात्र इतकी दाट हवी की, पाखडताना कोंडा पुढे उडावा आणि धान्य आत राहावे. कोकणात गौरीच्या सणाला नव्या सुना सुपे भरून गौरीचा ओवसा भरतात. त्या दिवशी सुपाला देवघरात मान मिळतो. आज बांबूला नवे मार्गही सापडले आहेत. कुडाळ येथील ‘कोनबॅक’ या संस्थेने बांबूपासून घरे आणि घरातील लाकडी सामानासारखे सामान बनविण्याचे काम केले आहे.

बांबूवाल्याच्या शेजारी सुंभ वळणाऱ्या स्त्रिया बसल्या आहेत. नारळ सोलला की त्याची सोडणे उरतात. अजाण माणूस ती चुलीत घालील. पण या स्त्रिया ती वाया जाऊ देत नाहीत. सोडणे कित्येक महिने पाण्यात कुजत ठेवतात. मग ती बडवून त्यांतील भुसा काढून टाकतात. उरतो तो काथ्या. त्याचे तंतू तळहातांत किंवा रहाटावर पिळून सुंभ तयार होते. एकटा तंतू लहान मुलालाही तोडता येतो. पण पीळ बसला की त्याच तंतूंचे दोर होड्यांना जखडून ठेवतात. ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही,’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. हट्टी माणसाला उद्देशून आपण ती वापरतो; पण ज्याने ही म्हण प्रथम उच्चारली, त्याने सुंभ वळताना नक्कीच नीट पाहिले असले पाहिजे. वेंगुर्ले येथे स्त्रियांनी सहकारी तत्त्वावर काथ्याचा उद्योग चालविला आहे.

पलीकडे कुंभाराचे चाक फिरत आहे. चाकावरून उतरलेले मडके अजून ओले आणि जाड असते. कुंभार आतून एक गोळा धरतो आणि बाहेरून लाकडी थापटण्याने हलके हलके थोपटतो. अशाने मडक्याची कड पातळ होते आणि त्याला गोलाई येते. आतला हात आधार देतो, बाहेरचा हात मार देतो. दोहोंचा मेळ चुकला की मडके फुटते. पुढे भट्टीत ते भाजून निघते.

आणि माती म्हटली की कोकणातील मुलांना आणखी एक जागा आठवल्यावाचून राहणार नाही. ती म्हणजे ‘गणपतीची शाळा’. पावसाळ्यात गावोगावी अशा शाळा भरतात. येथे पाटी-पेन्सिल नसते. मूर्तिकार चिकणमातीचे गणपती घडवीत असतो. प्रत्येक कुटुंब आपल्या घरचा पाट त्याच्याकडे नेऊन देते. मूर्तिकार त्या पाटावरच मूर्ती घडवितो आणि कोणाच्या घरी कशी मूर्ती लागते, हे तो ध्यानात ठेवतो. गावातील मुले तेथे तासन्‌तास बसतात. कोणी माती मळून देतो, कोणी रंगाची वाटी धरतो. असे करता करता एखाद्या मुलाच्या बोटांत ती कला उतरते. नाव उगीच ‘शाळा’ असे पडलेले नाही!

आता सावंतवाडीची मंडळी आली आहेत. त्यांच्यापुढे मुलांची गर्दी उसळणे साहजिक आहे. कारण त्यांनी लाकडी खेळणी आणि फळे आणली आहेत. केळी, आंबे, सीताफळे, पेरू असे सारे टोपलीत मांडलेले आहे. हात लावीपर्यंत ती लाकडाची आहेत असे वाटतही नाही! सावंतवाडीत ‘चितारआळी’ म्हणून एक आळीच आहे. या लाकडी कामामुळे तिचे नाव दूरवर पोहोचले आहे. या कामाला हलके आणि मऊ लाकूड लागते; पांगाऱ्याचे लाकूड त्यासाठी पूर्वापार वापरीत आले आहेत. गोल वस्तू चरकावर धरून कातून काढतात. चरक फिरत असताना रंगीत लाखेची कांडी लाकडावर दाबून धरतात. घर्षणाने उष्णता उत्पन्न होते, लाख वितळते आणि लाकडावर सारखी पसरते. अशा रीतीने रंगही बसतो आणि चकाकीही येते. फळे, पाट, चौरंग आणि पाळणे यांवर कुंचल्यानेही रंगकाम करतात. आंब्याच्या देठापाशी थोडा हिरवा, मध्ये पिवळा आणि गालावर किंचित तांबूस रंग कसा मिसळावा, हे ज्याने झाडावरचा आंबा लक्षपूर्वक पाहिला आहे त्यालाच साधते.

याच सावंतवाडीची आणखी एक कला आहे, तिचे नाव गंजिफा. गंजिफा म्हणजे हातांनी रंगविलेले गोल पत्ते. हा शब्द मूळचा फारसी आहे. मोगल बादशहा बाबर याने १५२७ साली सिंधमधील आपल्या एका स्नेह्याला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. म्हणजे धामापूरचे तळे बांधले गेले, त्याच सुमारास हा खेळ हिंदुस्थानात खेळला जात होता. पुढे आपल्याकडील कलावंतांनी त्याला देशी रूप दिले. राजे-सरदारांच्या जागी त्यांनी विष्णूचे दहा अवतार आणले. हीच ‘दशावतारी गंजिफा’.

आपल्या नेहमीच्या पत्त्यांत चार रंग आणि ५२ पाने असतात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, अशी एकूण बारा पाने. म्हणजे पूर्ण संच १२० पानांचा झाला. खेळणारे तिघे, प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने. पत्त्यावर आकडा लिहिलेला नसतो. मत्स्याच्या सत्तीवर सात मासे, कूर्माच्या चौकीवर चार कासवे, परशुरामाच्या तिरीवर तीन परशू काढलेले असतात. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही खेळता यावे अशी ही योजना आहे. पाच अवतारांच्या रंगांत दश्शी वरचढ, तर उरलेल्या पाचांत एक्का वरचढ असतो. त्यामुळे खेळणाऱ्याला स्मरणशक्ती चांगलीच ताणावी लागते. आणखी एक गंमत अशी की, दिवसा खेळताना ज्याच्याकडे रामाचा राजा असेल तो डाव सुरू करतो आणि रात्री खेळताना कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल तो!

हे पत्ते तयार करणे मोठ्या चिकाटीचे काम आहे. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवितात. त्यावर पांढरा लेप देऊन ते वाळवितात आणि गुळगुळीत दगडाने घोटतात. मग गोल चकत्या कापून त्यांवर बारीक कुंचल्याने चित्रे काढतात. पाठीवर लाखेचा एकरंगी लेप देतात. सर्व पत्त्यांची पाठ सारखी दिसली पाहिजे, नाही तर पत्ता ओळखू येईल आणि खेळच संपेल. एका पत्त्याला इतके सोपस्कार. आणि असे १२० पत्ते!

पुढे छापखान्यात छापलेले स्वस्त पत्ते बाजारात आले. एक मनुष्य कित्येक दिवस राबून जे करी, त्याच्याहून अधिक पत्ते यंत्र थोडक्या वेळात छापू लागले. गंजिफांना मागणी राहिली नाही. चितारी मंडळींनी पोट भरण्यासाठी दुसरी कामे धरली. विसाव्या शतकाच्या मध्यास अशी वेळ आली की, गंजिफा काढणारे हात बोटांवर मोजण्याइतकेच उरले. त्यांत पुंडलीक चितारी नावाचे एक वयोवृद्ध कलावंत होते. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला बुडू नये असे मनावर घेतले. त्यांनी पुंडलीक चितारी यांना राजवाड्यात पाचारण केले. त्यांच्याकडून काम करवून घेऊनच ते थांबले नाहीत, तर ती कला स्वतः शिकले. जाणत्या हातांकडून शिकण्यासाठी राजा आणि राणी विद्यार्थी झाली! नंतर गावातील तरुणांनाही ही कला शिकविण्यात आली आणि राजवाड्यात गंजिफांचे काम पुन्हा सुरू झाले. पुंडलीक चितारी यांच्यापाशी कोणी शिकावयास गेलेच नसते, तर काय झाले असते? जुने पत्ते पेट्यांत राहिले असते. पण ते करण्याची विद्या त्या वृद्ध कलावंताबरोबरच संपली असती.

ही भीती काल्पनिक नाही. सावंतवाडीत एके काळी वाळ्याचे पंखे, टोपल्या आणि पेट्या करीत. त्यांवर जरीचे भरतकाम असे आणि भुंग्यांचे चमकदार हिरवे पंख जडविलेले असत. जुन्या गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे. आपण ती नोंद वाचू शकतो. परंतु नुसती नोंद वाचून कोणाला पंखा करता येणार नाही. कला पुस्तकात पूर्णपणे मावत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात द्यावी लागते.

मेळ्यात सर्वांत शेवटी, दिवेलागणीच्या सुमारास, पिंगुळीची मंडळी आपले साहित्य मांडतात. पिंगुळी हे कुडाळला लागून असलेले गाव. तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची कला जतन केली आहे. चित्रकथी म्हणजे चित्रांच्या साहाय्याने सांगितलेली कथा. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे कागदावर रंगवितात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवितात. अशा चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. कथेकरी पोथी पुढ्यात घेऊन बसतो, साथीदार हुडूक, टाळ आणि वीणा वाजवितात. गात गात कथा पुढे सरकते, तसतशी एकेक चित्रे उलटत जातात. चित्रांतील माणसांचे डोळे टपोरे आणि वेषभूषा रेखीव असते. दिव्याच्या प्रकाशात ती चित्रे पाहताना युद्धातील वीर खरोखरच बाणांचा वर्षाव करीत आहेत असे वाटते. याच मंडळींकडे दोऱ्यांनी नाचणाऱ्या कळसूत्री बाहुल्या आणि पांढऱ्या पडद्यावर सावल्या पाडणाऱ्या चामड्याच्या बाहुल्याही आहेत. चित्रपट आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी कोकणातील देवळांच्या मंडपांत पडद्यावरची ही नाटके होत असत.

पूर्वी सावंतवाडीच्या संस्थानचा या कलावंतांना आश्रय होता. तो आश्रय सुटला, करमणुकीची नवी साधने आली आणि पुष्कळ घरांतील पोथ्या गुंडाळून ठेवल्या गेल्या. अशा वेळी पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी ही कला सोडली नाही. आपल्या गुरांच्या गोठ्याचे रूप पालटून त्यांनी २००६ साली तेथे ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले. तेथे जुनी चित्रे आणि बाहुल्या मांडल्या, आपल्या मुलांनाही ती कला शिकविली. २०२१ साली भारत सरकारने ‘पद्मश्री’ देऊन त्यांचा गौरव केला. जेथे गुरे बांधीत, तेथे आज लोक दुरून येऊन कला पाहतात.

मेळा संपत आला. आता आपण पुन्हा त्या लोककथेकडे वळू. तळ्याने दिलेले दागिने परत करण्याची अट होती. ती मोडली आणि देणे थांबले. कलेचेही असेच आहे. बांबूची कामटी तासणाऱ्याला, सुंभ वळणाऱ्या स्त्रीला, पत्ता रंगविणाऱ्या चिताऱ्याला आपली विद्या कोणा वडीलधाऱ्याकडून मिळालेली असते. ती त्याची एकट्याची मालमत्ता नसून ते एक उसने घेतलेले लेणे आहे. ते परत करावयाचे, पण मागच्यांना नव्हे, पुढच्यांना. पुंडलीक चितारी यांनी ते परत केले. परशुराम गंगावणे यांनीही ते परत केले.

तथापि, देणाऱ्यापुढे घेणाराही हवा. सगळ्यांनी कारागीर व्हावे असे नाही; पण आपल्या हातून दोन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. हाताने केलेली वस्तू विकत घेताना ती यंत्राच्या वस्तूशी तोलून उगीच घासाघीस करू नये. कारण तिच्या किमतीत कारागिराचे दिवस मोजलेले असतात. आणि काम चालले असेल तेथे थोडा वेळ बसावे, पाहावे, विचारावे. विचारणाऱ्या मुलाला कारागीर सहसा परत पाठवीत नाही.

धामापूरच्या तळ्याचे पाणी आजही शांत आहे. परडी सोडली तर सोने वर येणार नाही, हे खरे. परंतु परडी विणणारे हात जोवर आहेत आणि त्यांच्यापाशी शिकावयास बसणारी मुले आहेत, तोवर या भूमीने दागिने देणे बंद केले आहे असे कोण म्हणेल?

अभ्यास

१. धामापूरचे तळे कोणी व केव्हा बांधविले? त्याचा बांध कशाचा आहे?
२. रोवळीची वीण आणि सुपाची वीण यांत फरक का असतो?
३. दशावतारी गंजिफेत १२० पाने कशी होतात, ते हिशेब करून दाखवा.
४. ‘राजा आणि राणी विद्यार्थी झाली’ असे लेखात का म्हटले आहे?
५. लोककथेतील अट आणि कलेची परंपरा यांत लेखकाने कोणते साम्य दाखविले आहे?
६. ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ या म्हणीचा अर्थ सांगून ती वाक्यात योजा.
७. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराकडे जाऊन त्याचे काम पाहा. तो कोणती हत्यारे वापरतो आणि ही विद्या कोणाकडून शिकला, हे विचारून दहा ओळी लिहा.